राजापूर रोड

संपाचा एकतिसावा दिवस.
आंबोळगडच्या शेवटच्या थांब्यावर
वस्तीची गाडी रात्री जिथे उभी राहायची
तिथे गाडीएवढंच गवत उगवलंय,
मधला ऑइलचा काळा डाग तेवढा सोडून.

वैजूताईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी.
रत्नागिरीला. सकाळी नऊला सुई.
सुमोवाला जायचे दोन हजार मागतो,
यायचे वेगळे.
मी कॅनिंगच्या कारखान्यात आमरसाच्या डब्यांचा हिशेब लिहितो;
दोन हजार म्हणजे किती डबे
ते मला तोंडपाठ आहे.

म्हणून त्या रात्री मोबाइलवर बघत बसलो
कुठल्या कुठल्या देशांतल्या
चालकाविना चालणाऱ्या आगगाड्या.
पुढच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी
आणि बोगदा आपणहून गिळत निघालेली गाडी.
ना भत्ता, ना बढती, ना मंडप.
तिला ताप येत नाही, तिचा मेव्हणा वारत नाही.
मला पटलं.
खोटं कशाला बोलू, अजूनही पटतं.
मागण्यांचं पत्रक किडनीला वाचता येत नाही.

सकाळी शेजाऱ्याच्या स्कूटरवरून
राजापूर डेपोत गेलो. भांडायलाच.
मंडपात यासीन हमदुले बसला होता,
अकरा वर्षं आमची वस्तीची गाडी आणणारा,
शाळेच्या पडवीत मच्छरदाणी बांधून निजणारा.
अंगात खाकी, पायांत घरातल्या चपला.
म्हटलं, यासीनभाई,
तुमच्यावाचून चालणाऱ्या गाड्या निघाल्यात आता.
तो म्हणाला, "आणा की वो!
माझा मणका दुवा देईल तुम्हाला."
मग पगाराची चिठ्ठी काढली.
हिशेबाचा माणूस मी, शेवटचा आकडा आधी बघतो.
बघितला.
होत्या त्याच घड्या पाडून परत दिली.

भांडण काही जमेना.
तरी विचारलं, मग ताईचं काय?
त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
शेजारच्या आयरे कंडक्टरबाई
मंडपाच्या दोरीची गाठ
सोडत राहिल्या, बांधत राहिल्या.

शुक्रवारी निघालो मासळीच्या टेम्पोतून.
कोल्हापूरला चाललेला, रात्री दोनचा.
ताई पुढे, मी मागे बर्फाच्या पेट्यांवर.
ओणीवरून आत, स्टेशनवर सोडलं,
पैसे घेतले नाहीत, सुरमईचा वास दिला.
गाडी दीड तास उशिरा.
नऊची सुई साडेअकराला.

संध्याकाळी परत तिथेच उतरलो.
गाडी गेली, फलाट उरला,
पिवळ्या पाटीवर तीन लिप्यांत: राजापूर रोड.
आजवर शंभरदा वाचलं असेल.
रेल्वेने आपल्या हातानं लिहून ठेवलंय की
हे राजापूर नव्हे,
राजापूरला जायचा रस्ता फक्त.
समुद्र सोडून, डोंगर पोखरत ती गेली
आणि गावांना म्हणाली, तुम्ही या माझ्यापर्यंत.

येवो उद्या माणसाविना गाडी.
वेळेवर येईल. दारं आपोआप उघडतील,
गोड आवाजात सांगेल, पुढचं स्टेशन विलवडे.
आणि आम्ही उभे राहू
पट्टी बांधलेला हात छातीशी धरून
'रोड' या शब्दापाशी.
तिथून पुढे समुद्रापर्यंत
यासीन लागतो.

ताईला तहान लागली होती.
तिला पाणी मोजून. टोपणभर दिलं.
ते तोंडात घोळवत, मग गिळून, ती म्हणाली,
"यासीनला सांग, मंगळवारच्या आत मिटव म्हणावं."
म्हटलं, त्याच्या हातात आहे का ते?
"मग ज्याच्या हातात आहे त्याला लिही."

खिशातली पेन्सिल काढली, डब्यांच्या हिशेबाची.
तिकिटाच्या मागच्या बाजूला
'प्रति,' असं लिहिलं
आणि थांबलो.